बॅटरीतलं पाणी

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीला माहीत नाही. माझ्या माहेरी, उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, भिंती इतक्या पातळ होत्या की कोणाच्या घरात काय शिजतंय आणि कोण कोणावर रुसलंय हे सगळ्या गल्लीला कळायचं — तिथेही हे कधी कोणाच्या कानावर गेलेलं नाही. आणि ज्यांच्याबद्दल हे आहे त्या आक्कांना तर नाहीच नाही. त्यांना कळू नये म्हणूनच तर इतकी वर्षं गप्प राहिले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर तुम्हालाही नसतं सांगितलं. मी काही तेवढी धीट नाही. माईकसमोर उभी राहते म्हणून लोकांना तसं वाटतं, एवढंच.

आधी आक्कांबद्दल सांगते. विषय टाळते आहे असं म्हणाल — थोडा टाळतेच आहे — पण आक्का कोण ते कळलं नाही तर मी काय केलं तेही नीट कळणार नाही.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, मोठी बहीण. अंबरनाथला एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. धाकट्या भावाचं शिक्षण, त्याची नोकरी, त्याचं लग्न, सगळं त्यांनी निभावलं. मी लग्न होऊन बदलापूरला आले तेव्हा घरात त्याच होत्या. सासू म्हणा, नणंद म्हणा, सगळं एकाच बाईत. आणि मी? मी तोंडातल्या तोंडात बोलणारी मुलगी. आमच्या कॅम्पात कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानदारापासून माझ्या आईपर्यंत सगळे मोठ्यानंच बोलायचे. तिथे हळू बोलणाऱ्याला भाजीसुद्धा मिळत नाही. मला ओरडता येत नव्हतं, म्हणून मी बोलणंच कमी करून टाकलं होतं.

आमच्याकडे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, रोज ग्रंथवाचन असतं. विहारात किंवा कोणाच्या घरी मंडळी जमतात, वंदना होते, आणि एकजण पुढे बसून थोडी थोडी पानं वाचतो. आमच्या विहारात आक्का वाचायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षावासात एक दिवस त्यांचा घसा बसला होता, तर त्यांनी मला काही न विचारता ग्रंथ सरळ माझ्या मांडीवर ठेवला. माझा आवाज फुटेना. दोन ओळी वाचल्या, त्या मलाच ऐकू आल्या नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, ऐकू येत नाही. आक्का वळूनही न बघता म्हणाल्या, "मला येतंय. वाच तू." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पानं संपेपर्यंत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून नेमच झाला. त्या भाकऱ्या थापणार आणि मी ओट्याशी उभी राहून पेपर वाचणार. अग्रलेख, निधनाच्या बातम्या, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती, काही सोडायचं नाही. मी वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचे. "त्या शब्दानं काय घोडं मारलंय तुझं?" असं त्या विचारायच्या आणि पुन्हा वाचायला लावायच्या. दोन-तीन वर्षांत माझा आवाज असा काही मोकळा झाला की मिलिंद म्हणायला लागला, आक्का, हिला बोलायला शिकवलंस, आता गप्प बसायला कोण शिकवणार?

आज बदलापुरातल्या, अंबरनाथच्या विहारांतून मला वाचनाला बोलावतात. कार्यक्रम असला की निवेदनाला माझं नाव असतं. हे सगळं आक्कांमुळे. मला जन्म आईवडिलांनी दिला, पण मला आवाज आहे हे मला आक्कांनी दाखवलं. त्यांचे हे उपकार मी रोज मानते — अगदी रोज, तोंडानं नाही तर मनात. आणि जे मी केलं, ते ह्याच आवाजापायी केलं. म्हणून तर ते सांगवत नाही.

निवृत्त झाल्यावर आक्कांनी वांगणीच्या पुढे जमिनीचा एक लहान तुकडा घेतला, बौद्धवाडीला लागून पण ओढ्याच्या पलीकडे. दोन खोल्या बांधल्या, पुढे लांबलचक पडवी. वाडीपर्यंत विजेचे खांब होते. ओढा ओलांडून लाइन यायला मात्र तयार नव्हती. आक्कांनी अर्ज करून करून नाद सोडला आणि छपरावर सोलरची पॅनेलं बसवून घेतली. आतल्या खोलीत चार मोठ्या बॅटऱ्या, इन्व्हर्टर, आणि उल्हासनगरच्या बॅटरीवाल्या घनश्यामभाईंनी आणून दिलेला एक जुना पेट्रोलचा जनरेटर. गंमत अशी झाली की पावसाळ्यात वाडीतली लाइट दिवसदिवस जायची आणि खांब नसलेल्या आक्कांच्या घरात दिवा असायचा.

त्याच भरवशावर त्यांनी अंडी उबवायची पेटी आणली, इन्क्युबेटर. वाडीतल्या बाया गावठी कोंबड्यांची अंडी आणून द्यायच्या, आक्का तीन आठवडे ती उबवायच्या, पिल्लं निघाली की ज्याची त्याला. आपल्यासाठी थोडी ठेवायच्या. त्या पेटीवर आक्कांचा जीव. पिल्लं निघायच्या दिवशी त्या मला फोन करून फोनच पेटीजवळ धरायच्या. इकडे बदलापूरला मी स्वयंपाकघरात उभी राहून चिवचिव ऐकायचे. कारखान्यात जन्मभर दुसऱ्यांचा माल खोक्यात भरला, असं त्या म्हणायच्या, आता खोक्यातून काहीतरी बाहेर काढते आहे.

पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नाही. पॅनेलं नुसती धुऊन निघतात. मग बॅटऱ्या जनरेटरवर चार्ज कराव्या लागतात, आणि ते काम दिसतं तेवढं सोपं नाही. दोरी ओढली, धडधड सुरू झाली, की पहिल्या तासाभरातच इन्व्हर्टरवरचा आकडा झपकन वर चढतो. बघणाऱ्याला वाटतं, झालं, भरली. ती भरलेली नसते. खरी बॅटरी पुढच्या चार-पाच तासांत सावकाश भरते. आक्कांचा नियम ठरलेला होता: दुपारी जेवण उरकलं की जनरेटर लावायचा, तो दिवेलागणीपर्यंत बंद करायचा नाही. आणि मग बॅटरीची टोपणं उघडून काचेची नळी आत बुडवायची, आतली काडी हिरव्या पट्ट्यापर्यंत तरंगली तरच बॅटरी भरली म्हणायचं.

आता ग्रंथवाचनही दुपारीच. शेतातली कामं उरकून बाया चारच्या सुमाराला आक्कांच्या पडवीत जमायच्या आणि मागच्या बाजूला जनरेटर धडधडत असायचा. मग आक्का काय करायच्या? जनरेटर चालूच ठेवायच्या आणि म्हणायच्या, "जरा जवळ सरून बसा गं." बाया गुडघ्याला गुडघा लावून त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसायच्या. मोठी पडवी रिकामी आणि एका कोपऱ्यात सगळी गर्दी. मला तेव्हा हसू यायचं.

सात-आठ वर्षांमागे आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. वर्षावास सुरू झालेला, पेटीत नुकतीच अंडी भरलेली, आणि ऑपरेशनची तारीख मिळाली. उल्हासनगरला ऑपरेशन, नंतर धूर-धूळ नको, वाकायचं नाही, म्हणून त्यांनी बदलापूरला आमच्या घरी राहायचं आणि मी वांगणीला येऊन पेटी सांभाळायची असं ठरलं. मिलिंदची कामाची पाळी, मुलीचं कॉलेज, सगळं बसवून मी गेले. वाचनही माझ्याकडे आलं. खरं सांगू? पेटीपेक्षा मला वाचनाचा आनंद झाला होता.

निघायच्या आदल्या दिवशी आक्कांनी मला सगळं शिकवलं. बॅटऱ्यांत पाणी कमी झालं होतं. त्यात साधं पाणी चालत नाही, दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरच लागतं; विहिरीचं गेलं तर बॅटरी खराब होते. खोलीत दोन सारखेच पांढरे कॅन होते, एकात डिस्टिल्ड, एकात विहिरीचं. विहिरीचं पेटीतल्या ओलाव्याच्या ताटलीसाठी. आक्कांना तेव्हा समोरच्याचं तोंडसुद्धा धुरकट दिसायचं. त्यांनी कॅन उचलला आणि विचारलं, "वैशाली, वाच गं, हाच ना?"

मी वाकले. लेबल वाचलं, मोठ्यानं, शेवटचा शब्द न गिळता. म्हटलं, हाच. त्या नरसाळ्यानं ओतत गेल्या आणि मी प्रत्येक टोपणापाशी उभी राहून "बस" म्हणत गेले. एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी तिथे होते, आणि मी बघत होते.

पहिल्या दिवशी वाचन झालं ते आक्कांच्या पद्धतीनं, कोंडाळं करून. पण मला ते रुचलं नाही. माझा आवाज जनरेटरखाली दबत होता. पुढच्याच दिवशी बाया आल्या तशी मी मागे जाऊन जनरेटर बंद केला — तो सुरू होऊन जेमतेम तास झाला असेल. काय शांतता झाली म्हणून सांगू! बाया पडवीभर पसरून बसल्या, भिंतीला टेकून, पाय सोडून. माझा आवाज शेवटच्या खांबापर्यंत जातो आहे हे मला जाणवत होतं. पारूमावशी, वाडीतली सगळ्यांत जुनी बाई, वाचन झाल्यावर म्हणाली, "आज सगळा ऐकू आला गो. तुजा आवाज कसा घंटीवानी हाय."

मी म्हटलं, जनरेटर आता परत लावते, मावशी.

लावला का? नाही लावला. वाचनानंतर चहा झाला. बाया माझ्याभोवती बसल्या, कोणी म्हणाली अजून एक पान वाच, कोणी म्हणाली डोळ्यांतून पाणी काढलंस. त्यातून उठून मागे पावसात जाऊन दोरी ओढायची? इन्व्हर्टरचा आकडा तर वर दिसत होता. मी स्वतःला सांगितलं, भरली आहे. नळी बुडवून बघितली नाही, कारण बुडवली असती तर कळलं असतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. वाडीतल्या बाया आपल्या सुनांना घेऊन यायला लागल्या, पलीकडच्या पाड्यावरूनही दोघी-तिघी आल्या. पडवी भरली. तुम्ही म्हणाल, मग सकाळी का नाही लावलास जनरेटर? सकाळ तर मोकळी होती. तेच तर सांगते आहे. सकाळी मी त्या दिवशीची पानं मोठ्यानं वाचून सराव करायचे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. मला तेव्हाही धडधड नको होती. धम्माचं काम करते आहे असं मनाला सांगत होते, आणि करत होते ते स्वतःच्या आवाजाचं कौतुक. ज्या बायांना मी वाचून दाखवत होते त्यांचीच अंडी आतल्या पेटीत होती.

संध्याकाळी आक्कांचा फोन यायचा. डोळ्याला पट्टी, फोन माझ्या मुलीनं कानाला लावून दिलेला. एकच प्रश्न: "फुल्ल झाली का गं?"

"झाली आक्का."

"नळी बघितलीस?"

"बघितली. हिरव्यावर आहे."

हे मी रोज म्हटलं. एकदाही जीभ अडखळली नाही. अडखळणार कशी? तिला तर आक्कांनीच वळण लावलं होतं.

पिल्लं निघायच्या आदल्या दिवशी वाचन लवकर आटपलं. पेटीतून टुकटुक ऐकू यायला लागली होती. बाया एकेक करून आत आल्या, पेटीच्या काचेला कान लावला. एका अंड्याला चीर गेली होती आणि आतून इवलीशी चोच हलत होती. पारूमावशीनं पेटीवरून हात फिरवला, बाळंतिणीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी आक्कांना फोन लावून पेटीजवळ धरला. पलीकडून त्या ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "वैशाली, तू होतीस म्हणून झालं हे."

सकाळी उठले तर घरात पंखा बंद होता. इन्व्हर्टरवर उजेड नाही. पेटीला हात लावला, गार.

मी धावत मागे जाऊन जनरेटर सुरू केला, पाणी तापवून बाटल्या भरल्या, चादरी गुंडाळल्या. दोन-चार पिल्लं जगली. बाकीची अर्ध्या फोडलेल्या कवचात तशीच राहिली. काही पिल्लांची चोच बाहेर होती. ते सगळं मी बघितलं, उचललं, आणि ओढ्याकडेला पुरलं. रडले, खूप रडले. पण रडताना एक गोष्ट अगदी स्वच्छ कळत होती — हे का झालं ते फक्त मला माहीत आहे.

मिलिंदला कळवलं. आक्का ऐकेनात, हिरवा चष्मा लावून रिक्षानं वांगणीहून पुढे आल्या. त्यांनीच घनश्यामभाईंनाही बोलावून घेतलं. भला माणूस, दुकान बंद ठेवून उल्हासनगरहून आला. त्यांनी एकेका बॅटरीत नळी बुडवली. काडी तळाशीच. मग ते उठून म्हणाले, "आक्का, बॅटरी तो गई. दो ही कारण हो सकते हैं. या तर रोज पूरा चार्ज नाही झाला, नाहीतर पाण्यात गडबड. चार्जिंग बराबर होतं ना?"

आक्का म्हणाल्या, "चार्जिंगचं विचारूच नका. वैशालीनं एक दिवस चुकवला नाही. रोज मला फोनवर सांगायची."

घनश्यामभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो.

"मग पाणीच," ते म्हणाले. "बोरिंगचं, विहिरीचं काही गेलं असेल."

आक्का हळूच पलंगावर टेकल्या. आता त्यांना दोन कॅन आठवत होते, आणि आपले डोळे आठवत होते. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "वैशाली, तू वाचलं होतंस ना लेबल? मला आठवतंय, मी विचारलं होतं तुला."

इथे मी थांबले होते. क्षणभर, फार नाही. खरं सांगायला तेवढा वेळ पुरला असता.

मी म्हटलं, "ते पेटीच्या ताटलीच्या वेळी, आक्का. बॅटरीत ओतलंत तेव्हा मी बाहेर दोरीवरचे कपडे काढायला गेले होते. मला नाही दिसलं."

झालं. एवढंच माझं बोलणं. त्यांना नीट आठवत होतं आणि मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. त्यांनी वाद घातला नाही. "हो का," म्हणाल्या, "मग माझ्याच हातून झालं." त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? त्यांच्यासाठी मी घर सोडून पावसात राहिले होते.

पुढचं सांगायला जास्त जड जातं. आक्का वाडीत घरोघर गेल्या. डोळ्याला हिरवा चष्मा, एका हातानं माझा दंड धरलेला, कारण चिखलात त्यांना दिसत नव्हतं. प्रत्येक दारात उभ्या राहून म्हणायच्या, "माझ्या हातून चूक झाली, बाई. बॅटरीत भलतंच पाणी ओतलं मी. तुमची अंडी गेली." आणि मी शेजारी उभी. मला त्यांची दया येत होती म्हणाल? येत होती. पण त्याहून जास्त भीती होती. कोणीतरी बोलेल, की ही तर रोज वाचनाला जनरेटर बंद करायची. प्रत्येक दारात मी बाईच्या तोंडाकडे बघत होते.

कोणीच बोललं नाही. बायांना वाटत होतं मी नंतर लावत असेन. मीच तसं सांगितलं होतं. पारूमावशी आक्कांना ओट्यावर बसवून म्हणाली, "जाऊ दे गो आक्का. कोंबड्या हायत, अंडी घालतील परत. तुजे डोले आधी बरे होऊ दे." आणि आत जाऊन त्यांच्यासाठी गूळ-पाणी घेऊन आली. मलाही दिलं. मी प्यायले.

आक्कांनी पेटी वाडीतल्या एकीला देऊन टाकली. तिच्याकडे ती पडूनच राहिली, लाइट कुठे असते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही नीट झालं. आता त्यांना माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात. पण त्या वांगणीला परत राहायला गेल्या नाहीत. म्हणाल्या, एकटीनं राहण्यासारखे हात राहिले नाहीत माझे. तेव्हापासून आमच्याकडे आहेत. मीठ घालताना विचारतात, "मीठच ना गं हे?" गोळी घेताना पाकीट माझ्यापुढे धरतात. त्यांना वाचता येतं, हो. पण त्या मला वाचायला सांगतात, आणि मी वाचते.

सगळे म्हणतात, वैशालीनं नणंदेला किती मायेनं ठेवलंय. विहारात माझा सत्कार झाला तेव्हा बोलताना कोणीतरी हे मुद्दाम सांगितलं, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या आक्कांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. माया आहे, ती खोटी नाही. सकाळी उठून त्यांच्या खोकल्याचा आवाज आला की मला बरं वाटतं, घर भरलेलं वाटतं. माझ्या मुलीला त्यांनी वाढवलं, मला माणसांत आणलं, माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात कॅम्प एकच्या त्या खोलीत माझ्यासोबत जमिनीवर झोपल्या. अशी माणसं किती जणींच्या वाट्याला येतात? मला आली. ह्याची कृतज्ञता मला त्या खोट्याच्या आधीही होती आणि नंतरही आहे. पण मी त्यांचा सांभाळ करते हे लोक म्हणतात तेव्हा मला वाटतं, त्यांना सांभाळावं लागेल अशी वेळ आणली कोणी?

आता हे सगळं आजच का? गेल्या आठवड्यात वाडीतल्या बाया बदलापूरला आल्या होत्या. पारूमावशी आता नाही, तिची सून होती. म्हणाल्या, ओढ्यापलीकडे लाइन आली, आक्का. आता वांगणीला एवढ्या इमारती झाल्या, आपल्यालाही खांब मिळाले. सोलर आहेच, जनरेटर घनश्यामभाई नीट करून देतो म्हणतात. पेटी परत सुरू करू, तुम्ही नुसतं शिकवायला या. आठवड्यातले दोन दिवस या. आक्कांचा चेहरा — मी चहा घेऊन दारात उभी होते — काही क्षण पूर्वीसारखा झाला. त्यांनी विचारलंसुद्धा, अंडी कोणाकोणाकडे आहेत? आणि मग एकदम हात मांडीवर आणून ठेवले.

"नको गं," म्हणाल्या. "माझ्या हाताचा भरवसा नाही. मागे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ह्या वैशालीला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपबश्या वाटल्या. बाया वाट बघून निघाल्या. जाताना म्हणाल्या, रविवारी परत येतो, तोवर विचार करा.

हे त्या दिवसापासून लिहिते आहे. थोडं थोडं, आक्का विहारात गेल्या की. तुम्हाला सांगते असं म्हणत लिहिलं, कारण त्यांना सांगते असं म्हणून एक ओळही पुढे सरकत नव्हती. मला तोंडावर बोलता येत नाही, ते अजूनही नाही. मला फक्त समोर कागद असला की वाचता येतं. उद्या शनिवार आहे. मिलिंद कामावर असेल, मुलगी संध्याकाळी येते. जेवणं झाली की मी आक्कांच्या जवळ सरून बसणार आहे आणि ही पानं त्यांना वाचून दाखवणार आहे, सगळी, शेवटच्या शब्दापर्यंत. त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही. त्यांनी काही म्हणावंच असंही नाही. फक्त सुरुवात बदलणार आहे. इथे मी नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही असं कुठून कुठून आले. त्यांना तेवढं थांबायला लावणार नाही. त्यांच्यासाठी पहिली ओळ वेगळी लिहून ठेवली आहे. आक्का, मी तिथेच उभी होते, आणि तुम्ही बरोबर कॅन उचलला होता.